पायाची माती डोक्यावर

कोल्हापूरहून कोकणात उतरणाऱ्या एका रस्त्यावर, घाट सुरू व्हायच्या थोडं अलीकडे, साठेक मीटरचा एक तुकडा दर पावसाळ्यात खचायचा. खालच्या अंगाची कड बसायची, डांबरावर कोयत्याच्या पात्यासारखी वाकडी भेग पडायची. पाऊस ओसरला की मुरूम-खडीचे डंपर यायचे, रोलर फिरायचा, वर डांबराचा नवा थर पडायचा. पुढच्या आषाढात पुन्हा तेच. गावातली माणसं त्या वळणाला ‘बसका’ म्हणतात. एका जुलैत हा बसका एका रात्रीत चाळीस सेंटीमीटर खाली गेला आणि मला बोलावणं आलं. मी कोल्हापुरात जमिनीची आणि पायाची तपासणी करणारा अभियंता आहे. गावाचं आणि खात्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. इथे झालेल्या चुका सह्याद्रीतल्या कुठल्याही रस्त्यावर सापडतील अशा आहेत.

रात्रीची शेवटची एसटी. हेडलाइटच्या उजेडात कडेची पांढरी पट्टी मध्येच तुटून खाली गेलेली दिसली, म्हणून ड्रायव्हरने गाडी थांबवली आणि खाली उतरून चाचपलं. भेगेत त्याचा हात कोपरापर्यंत गेला. त्याने प्रवाशांना उतरवलं, डोंगराच्या अंगाने चालवत पलीकडे नेलं आणि गाडी मागे घेतली. या प्रकरणातला पहिला योग्य निर्णय त्या माणसाचा आहे. तो कुठल्याच अहवालात आलेला नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी अवजड वाहनं बंद झाली. गूळ, भाजी, सिमेंट घेऊन जाणारे ट्रक फोंडा आणि आंबा घाटाकडे वळले. पलीकडच्या वाड्यांवरचं दूध डोक्यावरून अलीकडे यायला लागलं.

डोंगराकडे बघताना

मी पोचलो तेव्हा भेगेत डांबर ओतायची तयारी चालली होती. ती थांबवायला सांगितलं आणि रस्त्याकडे पाठ करून आधी डोंगर बघितला. वर जांभ्याचा सडा, म्हणजे उघडं सपाट पठार. त्याच्या कड्याखाली शतकानुशतकं कोसळून साठलेली माती आणि धोंडे यांचा उतार. त्या उतारावरून रस्ता आडवा गेलेला, त्याखाली भाताची खाचरं आणि सगळ्यात खाली ओढा. रस्त्याच्या वरची ऐनाची झाडं बुंध्याशी वाकून पुन्हा सरळ वाढलेली होती. जमीन हळूहळू कलत असेल आणि झाड दरवर्षी स्वतःला सावरत असेल तर खोडाला असा बाक येतो. विजेचा एक खांब ओढ्याकडे झुकला होता आणि तारा ताणल्या होत्या.

खालच्या खाचरात एक म्हातारे आबा इरलं घेऊन चिखलात उभे होते. मी विचारलं, “आबा, हा रस्ता कधीपासनं बसतोय?”

“रस्ता न्हाई बसत, सायेब. आख्खी पट्टी चाललीया. माझा बांध बगा की.”

बांध बघितला. सरळ रेषेत येणारा बांध एका ठिकाणी तुटून साडेचार फूट ओढ्याकडे सरकला होता आणि तिथून पुन्हा सरळ गेला होता. या बांधापायी आबा आणि त्यांच्या चुलतभावात वर्षानुवर्षं अबोला होता. एकमेकांवर बांध कोरल्याचा आरोप होता, मोजणी झाली होती, तालुक्याला खेटे झाले होते. प्रत्यक्षात बांध कुणीच कोरला नव्हता. सरकत्या जमिनीची बाजूची हद्द नेमकी त्या दोघांच्या शेतांमधून जात होती. महागड्या यंत्रांनी मला नंतर जे सांगितलं, ते त्या बांधाने पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. रस्ता साठ मीटरच बसत होता, पण सरकणारा तुकडा रस्त्याच्या वरपासून ओढ्यापर्यंत उतारावर सुमारे ऐंशी मीटर लांब होता.

मग ओढ्यापर्यंत उतरलो. तिथे मुरुमाची खाण होती. परवाना वगैरे असलेली मोठी नव्हे, जेसीबीने कोरलेली, आबांच्या घरापेक्षा जरा मोठी खाच. उभ्या कापलेल्या भिंतीतून पाणी पाझरत होतं. “हितला मुरूम कुठं गेला?” असं विचारल्यावर आबांनी हात वर रस्त्याकडे केला. “वरच की. जवळ पडतंय त्यास्नी.”

सगळं प्रकरण या एका वाक्यात आहे. उतारावरची जमीन सरकते तेव्हा तिचा वरचा भाग, म्हणजे डोकं, खाली ढकलत असतो आणि तळाचा भाग, म्हणजे पाय, तिला अडवून धरत असतो. आपण वर्षानुवर्षं पायाची माती काढून डोक्यावर टाकत होतो आणि त्यालाच दुरुस्ती म्हणत होतो. पुढे रस्त्यात तपासणीचा खड्डा घेतला, तेव्हा १.८ मीटरपर्यंत डांबर, खडी आणि मुरूम यांचेच थर निघाले, एकावर एक, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा जास्त कललेला. साठ मीटर लांब, सात मीटर रुंद आणि १.८ मीटर जाड म्हणजे साडेसातशे घनमीटरच्या वर. दीड हजार टन. भरलेले शंभर डंपर त्या चढावर कायमचे उभे करून ठेवल्यासारखं.

कॅलिफोर्नियातल्या पोर्तुगीज बेंडचं उदाहरण मला इथे आठवलं. १९५६ साली तिथे एक रस्ता पुढे न्यायला जुन्या, निजलेल्या भूस्खलनाच्या डोक्यावर भराव टाकला आणि ते जागं झालं. ते अजून पूर्ण थांबलेलं नाही. समुद्राकाठचा पॅलोस व्हर्डीस ड्राइव्ह साउथ हा रस्ता आजही पुन्हा पुन्हा सारखा करावा लागतो. वाईट पावसाळी वर्षांत तिथली जमीन आठवड्याला फूटभरही सरकली आणि ती आवरायला शेवटी खोल विहिरी घेऊन पाणीच उपसावं लागलं.

खुंट्या, टेप आणि पर्जन्यमापक

भर पावसात बोअरचं मशीन त्या उतारावर नेता येत नव्हतं. पण मोजायला मशीनच लागतं असं नाही. भेगेच्या दोन्ही अंगांना लोखंडी सळयांच्या पाच जोड्या ठोकल्या. गावच्या शाळेतल्या गुरुजींनी रोज सकाळी टेपने अंतर मोजायचं आणि शाळेच्या आवारातल्या पर्जन्यमापकाचा आकडा शेजारी लिहायचा असं ठरलं. पन्नास दिवसांत त्यांनी एकही सकाळ चुकवली नाही.

ती वही अजून माझ्याकडे आहे. उघडिपीच्या दिवसांत सरकणं एक-दोन मिलिमीटर, सलग तीन दिवस झोडपल्यावर एकोणीस. यातली महत्त्वाची गोष्ट वेगळीच होती. पाऊस पडला त्या दिवशी जमीन फारशी हलायची नाही. ती हलायची दीड-दोन दिवसांनी, आणि पाऊस थांबल्यावरही हलत राहायची. वरून पडणारं पाणी एवढा वेळ लावत नाही. हे पाणी दुसरीकडून, आतून येत होतं.

शोध घेत सड्यावर गेलो. जांभा सच्छिद्र असतो, पाणी गिळतो. त्याच्या खाली साबणासारखी बुळबुळीत चिकणमाती आणि त्याखाली झिजलेला काळा दगड. पाणी जांभ्यातून उतरतं, चिकणमातीवर अडतं आणि आडवं वाट काढत कड्याच्या पायथ्याशी, म्हणजे आपल्या सरकत्या जमिनीच्या आतच फुटतं. पावसाळ्यात खाचरात उपळ फुटतो तसंच, फक्त जमिनीखाली. गगनबावड्याच्या पट्ट्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. कोल्हापूर शहराच्या कितीतरी पट.

त्याच सड्यावर काही वर्षांपूर्वी सलग समतल चर खणले होते. पाणी अडवा, पाणी जिरवा. हे काम ज्यांनी केलं त्यांच्याबद्दल मला आदर आहे. दुष्काळी तालुक्यात त्याने गावं उभी राहिली. पण सरकत्या उताराच्या डोक्यावर पाणी जिरवायचं नसतं, काढून द्यायचं असतं. शिवाय रस्त्याच्या वरच्या अंगाचं गटार कच्चं होतं, मोरी, म्हणजे रस्त्याखालून पाणी काढून देणारी वाट, धोंड्यांनी गच्च भरलेली होती आणि गटाराचं पाणी सरळ भेगेत उतरत होतं. पूर्वी मैलकुली असायचे. आपल्या मैलातली कुठली मोरी कधी तुंबते हे त्यांना झोपेत विचारलं तरी सांगता यायचं. आता ते कुणाच्याच कामाच्या यादीत नाही.

तातडीचं म्हणून तीन गोष्टी केल्या. भेगा चिकणमातीने ठासून वर ताडपत्री टाकली. डांबर किंवा काँक्रीट भरलं नाही, कारण ते जमिनीबरोबर फाटतं आणि फट उघडी राहते. मोरी मोकळी करून गटाराचं पाणी प्लॅस्टिकच्या (एचडीपीई) पाइपातून सरकत्या पट्ट्याच्या बाहेर सोडलं. चर बुजवून त्यातलं पाणी पलीकडच्या ओहोळात काढलं. रस्ता एकेरी, फक्त दिवसा, आणि दोन्ही टोकांना शिट्टी घेऊन माणूस. रात्रीच्या बंदीवर खूप आरडाओरडा झाला. मी तिथे एक पाऊलही मागे आलो नाही. याच डोंगराच्या पायथ्याला वैभववाडीजवळ २००३ च्या जूनमध्ये रुळांवर दरड आली आणि रेल्वेच्या अपघातात पन्नासहून अधिक माणसं गेली. पावसाळ्यात कोकण रेल्वे वेगळं, संथ वेळापत्रक चालवते. रस्त्यालाही तेवढा संथपणा सोसायला हवा.

भिंत की पाणी

दिवाळीनंतर तीन बोअर घेतले. दोन भोकांत इन्क्लिनोमीटरची नळी बसवली. आतून खोबणी असलेली ही नळी जमिनीबरोबर वाकते आणि कुठल्या खोलीवर वाकली ते मोजता येतं. तिसऱ्यात भूजलाचा दाब मोजणारा पिझोमीटर बसवला. नळी आठ मीटरवर वाकली. त्या खोलीवरचा मातीचा गाभा हातात घेऊन तोडला तर आतला पृष्ठभाग आरशासारखा चकाकत होता आणि त्यावर उताराच्या दिशेने ओरखडे होते. एकदा घसरलेल्या चिकणमातीचे चपटे कण एका दिशेने निजतात आणि तिथली मूळ ताकद परत येत नाही. ब्रिटिश मृदातज्ज्ञ स्केम्पटन यांनी १९६४ मध्ये हे मांडलं. म्हणजे हा थर कितीही कोरडा झाला तरी तो जन्मभर घसरलेलाच राहणार. त्याला धरूनच पुढचं सगळं ठरवायचं.

बैठकीत पहिला प्रस्ताव संरक्षक भिंतीचा आला. गॅबियन, म्हणजे दगड भरलेल्या तारेच्या जाळ्यांची, तीन मीटर उंच. तिथले कार्यकारी अभियंता मला म्हणाले, “सर, भिंत लोकांना दिसते. तुमचे पाइप जमिनीत. आमदार विचारतील, पैसे कुठं गेले?” त्यांचं म्हणणं प्रामाणिक होतं. म्हणून मी फळ्यावर हिशेब मांडला. तो इथेही देतो, कारण अशा प्रत्येक बैठकीत तो मांडला जावा असं मला मनापासून वाटतं.

घसरणारा थर आठ मीटर जाड, उतार १४ अंश, घसरलेल्या चिकणमातीचा घर्षणकोन (तिच्या कणांमधल्या घर्षणाचं माप) १८ अंश, मातीचं वजन घनमीटरला १९ किलोन्यूटन. पाणी अजिबात नसेल तर अडवणारं बल ढकलणाऱ्या बलाच्या १.३ पट येतं, जमीन जागेवर राहते. पाणी घसरपट्टीच्या, म्हणजे जिच्यावरून जमीन घसरते त्या पातळीच्या, वर चार मीटर चढलं की हेच गुणोत्तर ०.९७ होतं. एकच्या खाली, म्हणजे जमीन निघाली.  आता पाण्याची पातळी फक्त दोन मीटरने उतरवली तर गुणोत्तर १.१३ होतं. पाणी माती जड करतं हा अर्धाच भाग झाला. मुख्य म्हणजे ते कणांना आतून उचलून धरतं, त्यामुळे एकमेकांवर घासायला त्यांच्यात जोरच उरत नाही.

हाच फरक भिंतीने पाडायचा म्हटलं तर? ऐंशी मीटर लांबीच्या उताराचं ढकलणारं बल धावत्या मीटरला सुमारे तीनशे टन येतं. ०.९७ वरून १.१३ वर जायला भिंतीला धावत्या मीटरमागे ४८ टन रोखून धरावे लागतील. तीन मीटरच्या गॅबियनचं स्वतःचंच वजन मीटरला साडेसात टनांच्या आसपास, आणि घर्षणाने ती रोखणार जेमतेम साडेचार टन. तेही तिचा पाया घसरपट्टीच्या खाली असेल तर. प्रस्तावातला पाया दीड मीटर खोल होता. ती भिंत डोंगराला अडवणार नव्हती, डोंगरावर बसून त्याच्याबरोबर जाणार होती.

फळ्यासमोर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग कार्यकारी अभियंत्यांनीच विचारलं, “पाइल मारले तर?” पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले खांब, चालले असते. खडकात चार-पाच मीटर रुतवलेले, दाट, वरच्या टोकाला अँकरने डोंगरात धरलेले. किंमत परवडणारी नव्हती आणि भोकं पाडणारं मोठं मशीन, म्हणजे रिग, त्या वळणावर चढवायची तर आधी तिच्यासाठी भराव टाकावा लागला असता, पुन्हा डोक्यावरच. रस्ता पलीकडून वळवायचा पर्यायही बघितला. तिकडे वनजमीन होती आणि उतार याहून चांगला असल्याचा काहीच पुरावा नव्हता.

काम

जानेवारी ते मे एवढाच वेळ होता. सर्वांत आधी तळाकडे गेलो. हा क्रम महत्त्वाचा आहे, पाय बांधल्याशिवाय वर खणायचं नाही. मुरुमाची खाच मोठ्या डबराने भरून काढली, डबर आणि माती यांच्यामध्ये जिओटेक्स्टाइलची चादर, म्हणजे पाणी बाहेर येईल आणि माती येणार नाही. ओढ्याच्या धारेने तळ पोखरू नये म्हणून काठाला गॅबियन घातले. गॅबियनची खरी जागा ती होती.

मग वरचं ओझं उतरवलं. रस्त्यावरचे सगळे जुने थर खरवडून पट्ट्याच्या बाहेर नेले आणि रस्ता पुन्हा जुन्या उंचीवर आणला नाही. खालीच ठेवला. दोन्ही बाजूंनी लांब, सौम्य उतार दिला, मध्ये हलका खोलगट भाग. यावर गावातून तक्रार आली की रस्ता अजून बसकाच दिसतो. दिसतो खरा. पण त्या दीड हजार टनांची जागा कशानेच भरायची नव्हती. वर काँक्रीट केलं नाही, साधं डांबर ठेवलं. हलणाऱ्या जमिनीवर काँक्रीटचा स्लॅब पोकळी झाकून ठेवतो. डांबर लगेच फाटतं, आणि म्हणून वेळेत सांगतं.

शेवटी पाणी. रस्त्याच्या वर चार मीटर खोल आडवा चर घेऊन त्यात छिद्रांचा पाइप आणि खडी भरली. खालच्या अंगाने बारा आडवे ड्रेन, म्हणजे डोंगरात भोक पाडून बसवलेले छिद्रांचे पाइप, मारले, प्रत्येक चाळीस मीटरपर्यंत, पाच-सहा अंश वर चढते, म्हणजे पाणी आपोआप बाहेर येतं. धोंड्यांमुळे भोक पाडणारा बिट अडायचा, भोक ढासळू न देणारी केसिंगची नळी ढकलत ढकलत एका भोकाला चार चार दिवस गेले. बारांपैकी तीन कोरडे निघाले. पाच ठिबकत होते. चारांतून पाणी आलं, आणि त्यातल्या सातव्याने तर एप्रिलच्या उन्हात मनगटाएवढी धार धरली. तो कुठे मारायचा हे आबांनी दाखवलं होतं. त्यांच्या आज्याच्या वेळी तिथे बारमाही झरा होता, रस्ता झाला तेव्हा भरावाखाली बुजला. नकाशावर त्याची खूण नाही. आज ते पाणी खालच्या वाडीच्या टाकीत जातं.

पुढचे दोन पावसाळे

पहिल्या पावसाळ्यात जमीन एकूण ३१ मिलिमीटर सरकली. आधीच्या वर्षी एका रात्रीत चाळीस सेंटीमीटर होती. पिझोमीटरमधलं पाणी हिशेबातल्या चार मीटरपेक्षा साधारण दोन मीटर खालीच राहिलं. एसटी सुरू झाली, अवजड वाहनंही. मी अहवालात ‘थांबली’ असं लिहिलं नाही, ‘मंदावली’ असं लिहिलं, आणि त्या शब्दावरून वाद झाला. तो शब्द मी बदलला नाही.

दुसऱ्या पावसाळ्यात, ऑगस्टच्या मध्याला, गुरुजींचा फोन आला. जोडी क्रमांक तीन आठवड्यात सहा मिलिमीटर. जाऊन बघितलं तर सातव्या ड्रेनची धार करंगळीएवढी झाली होती आणि तोंडाशी गंजासारखा तांबडा, बुळबुळीत गाळ साठला होता. जांभ्याच्या पाण्यात लोह असतं. हवा लागली की ते जीवाणूंच्या मदतीने असा चिखल करतं आणि पाइपाची छिद्रं बुजवतं. उपाय अवघड नाही. दाबाच्या पाण्याने दरवर्षी पाइप धुवायचे. अडचण वेगळी होती. बांधकामाला निधी होता, धुण्याला लेखाशीर्षच नव्हतं. रस्त्याच्या अंदाजपत्रकात खड्डे बुजवायला पैसे असतात. खड्डा पडू नये म्हणून पाइप धुवायचे तर ते कुठे दाखवायचे हे कुणाला सुचेना. जुलै २०२१ मध्ये पन्हाळ्याचा रस्ता चार दरवाजाजवळ खचला, तेव्हा तो पुन्हा उभा करायला काय काय लागलं ते आम्ही सगळ्यांनी बघितलं होतं. तरी एका टँकरच्या आणि एका पंपाच्या भाड्यासाठी पाच पत्रं गेली.

शेवटी ग्रामपंचायतीने वाडीच्या पाणीयोजनेच्या देखभालीत सातवा पाइप धरला, कारण वाडीच्या टाकीत पाणी त्यातूनच येतं. बाकीच्या अकरांसाठी खात्याने यंदा पहिल्यांदा दर मे महिन्याचं काम मंजूर केलं आहे. धुतल्यावर सातव्याची धार पुन्हा मनगटाएवढी झाली आणि जोडी क्रमांक तीन आठवड्याला एक मिलिमीटरवर आली. कोरड्या निघालेल्या तीनपैकी एक ड्रेन मात्र चुकीच्या कोनात गेला आहे अशी आता माझी खात्री आहे. तो माझ्याच आखणीतला. रिग परत आणून तो चार मीटर पूर्वेला, आबांच्या बांधाच्या रेषेत पुन्हा मारायचा आहे. आबांच्या चुलतभावाने त्यासाठी शेतातून वाट दिली आहे.